सुई टोचल्यावर कोणती तपासणी, किती दिवसांनी? दवाखाना, लॅब आणि वॉर्डमधल्या सर्वांसाठी

शुभांगी_मिरज

वापरलेली सुई कुणाला टोचली की बऱ्याच छोट्या रुग्णालयांत ठरलेला प्रकार होतो. त्याला लॅबमध्ये नेतात, एचआयव्हीची कार्ड टेस्ट (छोट्या किटवरची झटपट तपासणी) करतात, ती निगेटिव्ह येते आणि विषय मिटतो. प्रत्यक्षात काहीच मिटलेलं नसतं. त्या दिवशीच्या रक्तात त्या सुईचा मागमूसही नसतो. ती टेस्ट सांगते ती मागच्या काही आठवड्यांपूर्वीपर्यंतची स्थिती. शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी यांचा विचारच झालेला नसतो, आणि औषध सुरू करण्याची वेळ मात्र निघून चाललेली असते.

वॉर्डमधल्या मावशी-मामांपासून इंटर्नपर्यंत सर्वांना उपयोगी पडेल असं एक पान मराठीत तयार करायचं आहे. मी सुरुवात करते, जाणकारांनी भर घालावी आणि चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी धोका किती ते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के. रुग्णाच्या रक्तात ई-अँटिजेन (बी चा विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण) असेल तर आकडा वरच्या टोकाकडे जातो. हिपॅटायटिस सी साठी जुन्या पुस्तकांत १.८ टक्के लिहिलेलं असतं, नंतरच्या मोठ्या पाहणीत ते प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास निघालं. एचआयव्ही साठी ०.३ टक्के. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर एचआयव्हीची शक्यता ०.०९ टक्के. म्हणजे भीती सगळी एचआयव्हीची आणि सर्वांत मोठा धोका बी चा, असं हे उलटं गणित आहे. त्यातही बी वर लस आहे.

लगेच करायचं ते असं. हातमोजे काढा, टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने डोळा उघडा ठेवून धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना राहू द्या, नंतर काढा. तोंडात गेलं तर थुंका आणि पुन्हा पुन्हा चूळ भरा. मग वेळ लिहून ठेवा. नुसती तारीख पुरत नाही, तास आणि मिनिटंही हवीत. पुढचा सगळा हिशेब त्या वेळेपासून चालतो.

विजय_आर

एक भर. बोट दाबून रक्त काढायचं आणि वरून स्पिरिट लावायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. तेही पानावर घ्या.

शुभांगी_मिरज

विजयदादा, ते पानावर घेऊ, पण ‘हे करू नका’ या भागात. बोट पिळल्याने विषाणू बाहेर येतात याला आधार नाही, उलट तिथली ऊती दुखावते आणि सूज येते. स्पिरिट, आयोडीन, ब्लीच जखमेवर ओतायचं नाही. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) फरशीवर सांडलेल्या रक्तासाठी आहे, कातडीसाठी नाही. बोट तोंडात घालून चोखण्याची सवय तर फार जणांना असते, तीही मोडायला हवी.

तंत्रज्ञ_नाशिक

लॅबच्या बाजूने लिहितो. या प्रसंगात दोन माणसांचं रक्त लागतं: ज्याला टोचलं त्याचं आणि ज्याच्या अंगातून सुई आली त्या रुग्णाचं. त्या रुग्णाला पुढे ‘मूळ रुग्ण’ म्हणतो. दोन्ही नमुने एकाच फॉर्मवर कधीच पाठवू नका. नावांची अदलाबदल होणं ही यातली सगळ्यात महागडी चूक आहे.

ज्याला टोचलं त्याचं त्या दिवशीचं रक्त: एचआयव्ही, एचबीएसएजी (बी ची लागण आहे का), अँटी-एचसीव्ही (सी विरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी), आणि लस घेतलेली असेल तर अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेल्या अँटिबॉडीचं प्रमाण). टायटर संख्येतच मागा. ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेल्या रिपोर्टवर निर्णय घेता येत नाही. लस घेतलेलीच नसेल तर टोटल अँटी-एचबीसी (बी ची लागण कधी झाली होती का) सुद्धा. औषध सुरू होणार असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि हिमोग्राम. प्लेन बल्बमध्ये (रक्ताच्या साध्या नळीत) ५ मिली पुरतं, हिमोग्रामसाठी ईडीटीए बल्ब वेगळा.

हा नमुना ‘बेसलाइन’. पुढे संसर्ग निघालाच तर तो आधीचा की या सुईचा, हे यावरूनच ठरतं. नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर हाच कागद लागतो. म्हणून बेसलाइन लवकरात लवकर झालीच पाहिजे, आणि तिच्यासाठी औषधाचा पहिला डोस अडवून ठेवायचा नाही.

मूळ रुग्णाचं: एचआयव्हीचा अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी दोन्ही पकडणारी टेस्ट, म्हणजे चौथ्या पिढीची एलायझा किंवा क्लिया मशीनवरची, एचबीएसएजी, आणि एचसीव्हीसाठी शक्य असेल तर थेट आरएनए (विषाणूचं स्वतःचं जनुकीय द्रव्य). त्याचं कारण सांगतो. सी ची लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, पण अँटिबॉडी राहते. त्यामुळे नुसती अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर विषाणू आहे की नाही ते कळत नाही. उलटही होतं. डायलिसिसच्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णात कधी कधी अँटिबॉडी तयारच होत नाही आणि कार्ड निगेटिव्ह येतं. डायलिसिस युनिटमध्ये टोचलं असेल तर आरएनएचा आग्रह धरा. त्यासाठी ईडीटीए बल्ब लागतो. प्लाझ्मा वेळेत वेगळा केला नाही तर आरएनए तुटून जातं आणि खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. किती तासांत वेगळा करायचा ते ज्या लॅबला पाठवणार तिला आधी विचारा.

अनघा_पणजी

कार्ड टेस्टवर विश्वास ठेवायचा की नाही? आमच्याकडे रात्री दुसरं काही नसतं.

तंत्रज्ञ_नाशिक

अनघाताई, रात्री मूळ रुग्णाची कार्ड टेस्ट करा, जरूर करा. फक्त तिची मर्यादा ओळखून. बहुतेक कार्डं केवळ अँटिबॉडी शोधतात. अगदी नवीन संसर्ग, ज्यात विषाणू सर्वांत जास्त असतो, तोच तिच्यातून निसटतो.

कार्ड वाचताना होणाऱ्या चुकाही सांगून ठेवतो. किटच्या कागदावर लिहिलेली वेळ पाळायची. १५ मिनिटं लिहिलं असेल तर तासाभराने पाहिलेली फिकट रेघ धरायची नाही. कंट्रोलची रेघ नसेल तर ते कार्ड बाद, निगेटिव्ह नव्हे. फ्रिजमधून काढून थंडच वापरलेलं कार्ड, मुदत संपलेलं बफर, एका किटचं बफर दुसऱ्या किटला, हे सगळं पाहायला मिळतं. आणि एका कार्डावर रेघ आली म्हणजे माणूस एचआयव्ही पॉझिटिव्ह झाला असं नाही. आयसीटीसीमध्ये (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर नमुना तपासतात आणि तिन्हींवर रिॲक्टिव्ह आला तरच तसा रिपोर्ट देतात. खासगी लॅबमध्ये एका मशीनवर रिॲक्टिव्ह आलं की तोच कागद हातात देतात, त्याने घरंच्या घरं हादरतात. असा रिपोर्ट आला तर सरळ आयसीटीसी गाठा.

डॉ_गोदाकाठ

औषधाबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त उशीर तिथेच होतो.

एचआयव्हीसाठी प्रतिबंधक औषध, ज्याला सगळे पेप म्हणतात, ते शक्यतो २ तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. त्यानंतर सुरू करण्याचा उपयोग नाही. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सध्याच्या पद्धतीत टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ एकाच गोळीत असतात, तिला टीएलडी म्हणतात. रोज एक, २८ दिवस. पहिली गोळी कॅज्युअल्टीत द्या, मूळ रुग्णाच्या रिपोर्टची वाट पाहू नका. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्याला अलीकडे जोखीम झाल्याचा संशय नसेल तर गोळी बंद करता येते. एक-दोन गोळ्या जादा पोटात गेल्या म्हणून काही बिघडत नाही. उलट सकाळी रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर हातातले १२ तास जातात.

३० गोळ्यांची एक बाटली कॅज्युअल्टीच्या कपाटात असली पाहिजे, किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे. बाटली अधीक्षकांच्या बंद खोलीत असेल तर ती नसल्यासारखीच. मुदत दर महिन्याला पाहायची.

गोळीबरोबर काय चुकतं? ॲसिडिटीची ॲल्युमिनिअम-मॅग्नेशिअमवाली औषधं आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर शोषलं जात नाही. ते अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, मात्र जेवणासोबत घेतल्या तर त्या एकत्र चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. झोप लागत नसेल तर गोळी सकाळी घ्या. मळमळ, डोकेदुखी पहिल्या आठवड्यात होते, बहुतेकांची निवळते. तेवढ्यासाठी दहाव्या दिवशी गोळ्या सोडून देणारे खूप असतात. त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन करून विचारायला हवं.

आणखी एक, जे पानावर ठळक हवं. टीएलडीतली दोन औषधं हिपॅटायटिस बी वरही काम करतात. ज्याला टोचलं तो स्वतःच आधीपासून बी चा वाहक असेल आणि कुणाला ते माहीत नसेल, तर २८ दिवसांनी औषध थांबल्यावर त्याचं यकृत अचानक बिघडू शकतं. म्हणून बेसलाइन एचबीएसएजी ही औषधाच्या सुरक्षेची तपासणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पेप द्यायचंच, पण बंद करताना यकृताच्या डॉक्टरांचा सल्ला आणि पुढे एसजीपीटीवर नजर हवी.

विजय_आर

सुई जुनी असेल तर? म्हणजे कचऱ्याच्या पिशवीतून मामांच्या हाताला लागली, कधीची ते माहीत नाही.

डॉ_गोदाकाठ

नॅकोच्या मार्गदर्शनात ४८ तासांहून जुन्या टाकलेल्या सुईमुळे एचआयव्हीचा धोका नगण्य मानलेला आहे, पण हिपॅटायटिस बी चा धोका तरीही उरतो. बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवस तगून राहू शकतो. कचरा हाताळणाऱ्यांची बी ची लस म्हणूनच अत्यावश्यक. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये हे स्पष्ट आहे: कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाचं काम आहे. कंत्राटदाराचा माणूस असला तरी.

सुईच तपासून पाहू, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. सुईत विषाणू सापडला नाही म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, आणि तपासणाऱ्याला पुन्हा टोचण्याचा धोका वेगळा.

शुभांगी_मिरज

आता बी बद्दल सविस्तर लिहू या, कारण यात फाटे आहेत आणि वॉर्डमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मला माहीत आहे तसं लिहिते.

तीन डोस पूर्ण झाले आहेत आणि नंतर एकदा तरी टायटर १० किंवा त्याहून जास्त आल्याचा कागद आहे: मूळ रुग्ण बी पॉझिटिव्ह असला तरी बी साठी काहीही लागत नाही. आज टायटर ४ आलं तरीसुद्धा. एकदा प्रतिसाद आलेल्या शरीराला आठवण राहते.

तीन डोस झाले, पण टायटर कधीच पाहिलेलं नाही: बहुसंख्य लोक या गटात असतात. लगेच टायटर पाठवा. १० पेक्षा कमी आलं आणि मूळ रुग्ण पॉझिटिव्ह किंवा अज्ञात असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (एचबीआयजी, म्हणजे बी विरुद्धच्या तयार अँटिबॉडी) एक इंजेक्शन आणि लसीचा डोस त्याच दिवशी, आणि लसीची दुसरी मालिका पूर्ण करायची.

लसीच्या दोन पूर्ण मालिका होऊनही टायटर आलं नाही: इम्युनोग्लोब्युलिन दोनदा, एक महिन्याच्या अंतराने.

लस घेतलेलीच नाही: इम्युनोग्लोब्युलिन आणि लस आज, पुढे १ आणि ६ महिन्यांनी.

इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत, उशिरात उशिरा ७ दिवसांत. लस दंडात द्यायची, कुल्ल्यावर नाही. चरबीत गेलेल्या लसीला प्रतिसाद कमी येतो. इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या जागी. डॉक्टर, मात्रेबद्दल तुम्ही लिहाल का?

डॉ_गोदाकाठ

बरोबर लिहिलंत. मात्रा पुस्तकांत किलोमागे ०.०६ मिली असते, पण प्रत्येक कंपनीच्या कुपीतली तीव्रता वेगळी असते आणि आपल्याकडच्या कुप्यांवर आंतरराष्ट्रीय एकक लिहिलेलं असतं. मिलीवरून मोजू नका, कुपीतल्या कागदावरचं एकक पाहून वजनाप्रमाणे द्या. हे इंजेक्शन महाग असतं आणि तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. म्हणून कुठून आणायचं ते आधी ठरवून दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावा. ते मिळेपर्यंत लस अडवू नका, लस लगेच द्या.

यात एक सापळा आहे. रक्त घेण्याआधी लस टोचली तर लसीतलंच अँटिजेन रक्तात दिसू शकतं आणि एचबीएसएजी खोटी पॉझिटिव्ह येते. लसीनंतर १८ दिवसांपर्यंत असं झाल्याची नोंद आहे. क्रम पाळा: आधी रक्त, मग लस.

तंत्रज्ञ_नाशिक

इम्युनोग्लोब्युलिनचाही सापळा आहे. त्यात तयार अँटिबॉडी असतात. नंतर काही महिने टायटर भरपूर येतं, पण ते उसनं असतं. अँटी-एचबीसी सुद्धा त्यामुळे पॉझिटिव्ह दिसू शकते. फॉर्मवर ‘एचबीआयजी दिले, तारीख अमुक’ असं लिहून पाठवलं तर लॅबवाल्याला अर्थ लावता येतो. बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, केसांसाठी घेतात त्या, काही मशीनवरच्या टेस्टमध्ये ढवळाढवळ करतात. त्याही फॉर्मवर लिहा.

समुपदेशक_अकोला

मूळ रुग्णाला न सांगता उरलेल्या रक्तावर एचआयव्ही टेस्ट करून टाकतात, हे सर्रास चालतं. ते बेकायदा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट वॉर्डभर सांगता येत नाही. सुई टोचली हा अपवाद नाही.

व्यवहारात संमती बहुतेक वेळा मिळते, विचारण्याची पद्धत नीट असेल तर. ज्याला टोचलं त्याने स्वतः विचारायला जाऊ नये, तो घाबरलेला असतो आणि रुग्णावर दडपण येतं. दुसऱ्या कुणीतरी, शक्यतो समुपदेशकाने, पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर थांबवून बोलावं. ‘आमच्या एका कर्मचाऱ्याला तुमच्या रक्ताची सुई लागली आहे. त्याला औषध किती दिवस द्यायचं ते ठरवण्यासाठी तुमची तपासणी करायची आहे. खर्च तुमच्यावर नाही, रिपोर्ट तुम्हालाच मिळेल आणि उपचारात काही फरक पडणार नाही.’ एवढं पुरतं. नाही म्हणाला तर मूळ रुग्ण अज्ञात धरून पुढे जायचं, जबरदस्ती नाही.

त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये आरोग्यसेवेच्या आस्थापनेवर बंधन आहे: तिथे काम करणाऱ्या आणि एचआयव्हीशी संपर्क येऊ शकणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षेची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि पेप पुरवायचं. प्रत्येकाला म्हणजे कंत्राटी सफाई कामगार, शिकाऊ परिचारिका, लॅबचा पोऱ्या, सगळे. ‘तू आमच्या पे-रोलवर नाहीस’ हे उत्तर चालत नाही. सुई लागल्याचं मामा-मावशी लपवतात ते नोकरी जाईल या भीतीने. पानाच्या वरच ‘सांगितल्याबद्दल कुणालाही शिक्षा होणार नाही’ असं रुग्णालयाच्या सहीशिक्क्यानिशी लिहा. ते वाक्य नसेल तर खालचं सगळं कुणी वाचणार नाही.

पेप आणि तपासणीसाठी सरकारी एआरटी केंद्र (एचआयव्हीचं उपचार केंद्र), आयसीटीसी. माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक.

अनघा_पणजी

पुढच्या तपासण्यांच्या तारखांवर एकमत दिसत नाही. कुणी ४५ दिवस म्हणतं, कुणी ३ महिने, कुणी ६ महिने. ज्याला टोचलं तो तेवढे महिने टांगणीला असतो, त्यामुळे हे नीट कळायला हवं.

तंत्रज्ञ_नाशिक

कारण हे आकडे वेगवेगळ्या टेस्टचे आहेत. एचआयव्हीचं आरएनए साधारण १० ते ३३ दिवसांत दिसू लागतं. शिरेतून घेतलेल्या रक्तावरची चौथ्या पिढीची टेस्ट १८ ते ४५ दिवसांत. नुसती अँटिबॉडी पाहणारी टेस्ट २३ ते ९० दिवसांत. आधीचा आकडा लवकरात लवकर दिसण्याचा, दुसरा जवळजवळ सगळ्यांत दिसण्याचा. विसाव्या दिवशी निगेटिव्ह आली तर चांगलं, पण ती शेवटची नव्हे.

आपल्याकडच्या राष्ट्रीय वेळापत्रकात एचआयव्हीसाठी ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आहे, कारण सगळीकडे चौथ्या पिढीचं मशीन असेल असं गृहीत धरता येत नाही. बी आणि सी साठी ३ आणि ६ महिने. तुमच्या लॅबने कोणत्या पिढीची टेस्ट केली ते रिपोर्टवर लिहून मागा. तारखेचा अर्थ त्यावर ठरतो.

टेम्सकाठ

इथे ब्रिटनमध्ये हिशेब थोडा वेगळा मांडतात. ४५ दिवस मोजायचे ते सुई टोचल्यापासून नाही, पेप संपल्यापासून. कारण औषधाने विषाणू दबलेला असू शकतो आणि शरीराचा प्रतिसाद लांबू शकतो. २८ अधिक ४५ म्हणजे ७३ दिवस, साडेदहा आठवडे. तेव्हा चौथ्या पिढीची टेस्ट निगेटिव्ह आली की एचआयव्हीपुरता विषय बंद. पेप घेतलंच नसेल तर सरळ ४५ दिवस. सी साठी इथे आरएनए ६ आणि १२ आठवड्यांना, अँटिबॉडी १२ आणि २४ आठवड्यांना करतात.

डॉ_गोदाकाठ

टेम्सकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पेप घेणाऱ्याने टोचल्यापासूनच्या ४५ व्या दिवसावर विसंबू नये. माझं मत: चौथ्या पिढीची टेस्ट मिळत असेल तर तीन महिन्यांच्या निगेटिव्ह रिपोर्टवर माणसाला मनमोकळं आश्वासन द्यावं आणि सहा महिन्यांची टेस्ट नोंदीसाठी करावी. तोवर त्याला अधांतरी ठेवणं क्रूरपणाचं आहे. एकच अपवाद. मूळ रुग्णाला एचआयव्ही आणि सी दोन्ही असतील आणि टोचलेल्याला सी ची लागण झाली, तर एचआयव्हीचा प्रतिसाद लांबल्याची उदाहरणं आहेत. त्याला १२ महिन्यांपर्यंत पाहतात.

दोन ते चार आठवड्यांत ताप, पुरळ, घसादुखी, मानेत गाठी आल्या तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता तपासा, आणि तेव्हा आरएनए सुद्धा करा.

विजय_आर

सी ला ना लस ना प्रतिबंधक औषध. मग एवढ्या वेळा तपासून उपयोग काय?

डॉ_गोदाकाठ

कारण सी पूर्ण बरा होतो. टोचल्यावर आधीच गोळ्या देण्याची शिफारस नाही, पण लागण झालीच तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिरसारख्या गोळ्यांनी १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. न तपासता राहिला तर तोच माणूस २० वर्षांनी सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) घेऊन येतो, मधे काहीच लक्षण नसतं. मूळ रुग्ण सी पॉझिटिव्ह किंवा अज्ञात असेल तर ३ ते ६ आठवड्यांच्या दरम्यान एक आरएनए आणि ४ ते ६ महिन्यांनी अँटिबॉडी, हे वेळापत्रक मला सर्वांत किफायतशीर वाटतं. नुसत्या अँटिबॉडीवर राहिलं तर ८ ते ११ आठवडे काहीच कळत नाही.

समुपदेशक_अकोला

या काळात घरी काय पाळायचं, हा प्रश्न लोक लाजेने विचारत नाहीत, म्हणून पानावर हवाच. एचआयव्हीची शेवटची तपासणी होईपर्यंत निरोध वापरा, रक्तदान करू नका, गर्भधारणा पुढे ढकला. अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतःहून दूध बंद करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. एका ताटात जेवणं, मुलांना जवळ घेणं, एक संडास वापरणं यातलं काहीही थांबवायचं नाही. रेझर आणि नेलकटर मात्र वेगळं. कामावरून बसवून ठेवण्याचंही कारण नाही. नेहमीची खबरदारी घेऊन परिचारिका त्याच पाळीत काम करू शकते.

अनघा_पणजी

समुद्रकिनारा साफ करताना सिरिंज लागली, केशकर्तनालयात वस्तऱ्याने कापलं, अशांसाठीही हेच का?

शुभांगी_मिरज

पाया तोच. धुणं, वेळ लिहिणं, बेसलाइन, बी ची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर ते. पेपचा निर्णय डॉक्टर घेतील. उन्हात पडलेल्या जुन्या सिरिंजसाठी बहुतेक वेळा लागत नाही. समोरच्याचं ताजं, दिसणारं रक्त असेल तर गोष्ट वेगळी. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला मात्र ७२ तासांच्या आत कोणत्याही रुग्णालयात आणा. सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात पेपचा विचार व्हायलाच हवा. पोलिसांच्या कागदासाठी औषध थांबवता येत नाही.

उलट बाजूही लिहू. घाम, अश्रू, लघवी, उलटी, थुंकी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांच्यासाठी पेप नको. दातांच्या दवाखान्यात मात्र लाळेत रक्त आहे असंच धरा. पाठीच्या कण्यातलं, फुप्फुसाभोवतीचं, पोटातलं, सांध्यातलं पाणी, गर्भजल हे सगळं रक्तासारखंच धोक्याचं माना.

तंत्रज्ञ_नाशिक

पानाच्या शेवटी तारखांचा तक्ता छापताना जागा मोकळ्या ठेवा आणि पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष तारखा भरून द्या. ‘सहा आठवड्यांनी या’ असं सांगितलं की कुणी येत नाही. ‘१८ तारखेला सकाळी, खोली क्रमांक अमुक’ असं लिहिलं की येतात. एक प्रत कर्मचाऱ्याकडे, एक संसर्ग नियंत्रण सिस्टरकडे कुलपात. कचरा नियमांखालचा अपघात अहवाल वेगळा भरायचा असतो, त्यात रिपोर्ट जोडू नका.

शुभांगी_मिरज

छान. मसुदा रविवारी इथेच टाकते. एक शंका उरली आहे. लस न घेतलेल्या माणसाचा तिसरा डोस आणि सहा महिन्यांची तपासणी एकाच दिवशी येतात. चालेल ना?

डॉ_गोदाकाठ

चालेल, तोच क्रम पाळून: आधी रक्त, मग डोस. त्या दिवशी एचआयव्ही, एचबीएसएजी, टोटल अँटी-एचबीसी, अँटी-एचसीव्ही घ्या. टायटर मात्र तेव्हा घेऊ नका. ते शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी पाहायचं, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात. पहिल्या दिवशी दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनला तोवर सहा महिन्यांहून जास्त झालेले असतात, त्यामुळे येणारा आकडा त्याचा स्वतःचा असेल. तक्त्यात टायटरची ही रांग वाढवा, नेहमी तीच राहून जाते.

शुभांगी_मिरज

वाढवते. ‘टायटर, आठवा महिना, आकडा लिहा’ असा रकाना करते आणि त्याखाली ‘१० पेक्षा कमी आल्यास लसीची दुसरी मालिका’.